वर्षभराच्या लोणच्याची काचेची बरणी कशी बंद करावी: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मे अखेरीस घातलेलं कैरीचं लोणचं जुलैत वरून पांढरं पडलं की बहुतेकांचा राग झाकणावर निघतो. झाकण सैल होतं, बरणी हलकी निघाली, आता इंपोर्टेड क्लिपची बरणी आणायला हवी, असं ठरतं. पण नासलेल्या बरण्या नीट पाहिल्या तर झाकणाचा दोष क्वचितच सापडतो. कुठे बरणीत ओल राहिलेली असते, कुठे फोडी तेलाच्या वर डोकावत असतात, नाहीतर मीठ-फोडी खार सोडत असतानाच झाकण आवळलेलं असतं.

ठेवणीच्या लोणच्याला खरं बंद करतो तो वरचा तेलाचा थर. तेल खारापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं आणि आतल्या मालाला हवा लागू देत नाही, आणि बुरशीला तर हवा हवीच असते. झाकणाचं काम त्यानंतरचं: धूळ, मुंग्या आणि पावसाळी दमट हवा बाहेर ठेवणं. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचा क्रम का असा आहे ते आपोआप कळतं. क्रम मात्र मोडू नका.

## १. बरणी निवडणं आणि गळती तपासणं

रुंद तोंडाची, जाड काचेची बरणी घ्या. एकच पाच किलोची बरणी दिसायला छान, पण ती वर्षभर सारखी उघडली जाते आणि एका ओल्या चमच्याने सगळं लोणचं जातं. एक लिटरच्या तीन-चार बरण्या ठेवणीच्या आणि एक छोटी रोजच्या वापराची, ही विभागणी सगळ्यांत सुरक्षित. एक किलो फोडींचं लोणचं, मसाला-तेलासकट, एक-एक लिटरच्या दोन बरण्यांत नीट बसतं.

बरणीच्या काठावरून कापसाचा बोळा गोल फिरवा. कापसाचे धागे जिथे अडकतील तिथे टवका उडालेला आहे. ती बरणी डाळीला वापरा, लोणच्याला नको.

झाकणाचे प्रकार आणि त्यांच्या खोडी:

- पत्र्याचं फिरकीचं झाकण: घट्ट बसतं, पण मीठ आणि आंबटपणा पत्र्याला खातात. आतल्या रंगावर ओरखडा असला तर तिथून गंज धरतो. असं झाकण वापरायचंच असेल तर खाली बटर पेपरचा गोल तुकडा घाला आणि दर मोसमात झाकण बदला.
- प्लास्टिकचं आट्यांचं झाकण: गंजत नाही. आतली पांढरी चकती मात्र जुन्या लोणच्याचा वास धरून ठेवते. ती निघत असेल तर काढून वेगळी धुवा.
- काचेचं झाकण, तारेची क्लिप आणि रबरी रिंग: ठेवणीला उत्तम. रिंग ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या किंवा ती कडक झाली असली तर नवी घाला.
- काचेचं नुसतं बसवायचं झाकण: याने बरणी बंद होत नाही, फक्त झाकली जाते. यावर दादरा, म्हणजे तोंडावर ताणून बांधायचं कापड, बांधावाच लागतो.

तपासणी: बरणीत पाऊण पाणी भरा, झाकण लावा, कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटी ठेवा. कागदावर ओलं वर्तुळ उमटलं तर आधी झाकण किंवा रिंग बदलून पाहा. ही परीक्षा बरणी उकळण्याच्या आधी करायची. उकळून सुकवलेल्या बरणीत पुन्हा पाणी घालून पाहणारे लोक असतात, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

## २. धुणं, उकळणं आणि सुकवणं

यातलं धुणं सगळे करतात, उकळणं निम्मे करतात, आणि सुकवण्यात जवळजवळ सगळे घाई करतात.

गरम पाणी आणि साबणाने बरणी धुवा, झाकणाचे आटे जुन्या टूथब्रशने घासा. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडकं अंथरून त्यावर बरणी ठेवा. पाणी कोमटच हवं आणि बरणी पूर्ण बुडायला हवी. मग गॅस लावा. पाणी खळखळायला लागल्यापासून दहा मिनिटं मोजा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून साधारण हजार फुटांच्या वर दर हजार फुटांमागे एक मिनिट जास्त द्यायचं. मुंबई-पणजीला दहा मिनिटं पुरतात, पुण्यात बारा धरा, महाबळेश्वर-पाचगणीकडे चौदा-पंधरा. प्लास्टिकची झाकणं आणि रबरी रिंगा उकळत ठेवू नका, कडकडीत पाण्यात बुडवून काढल्या तरी पुरे.

सावध: उकळत्या पाण्यात गार बरणी टाकली किंवा गरम बरणी ओल्या ओट्यावर ठेवली की काच तडकते. भेग लगेच दिसेलच असं नाही. कधीकधी ती लोणचं भरल्यावर, तेलाच्या भाराने उघडी पडते.

आता सुकवणं. चिमट्याने काढून जाड कोरड्या पंचावर बरणी पालथी घाला, पाणी निथळलं की सरळ करा. आतून कापडाने पुसू नका, कापडाचे तंतू आणि त्यावरचे जंतू दोन्ही आत राहतात. ओव्हन असेल तर ११० अंशांवर वीस मिनिटं. नसेल तर कडक उन्हात चार-पाच तास, तोंडावर पातळ मलमल टाकून. ढगाळ दिवस असेल तर सरळ दुसऱ्या दिवसावर ढकला. पावसाच्या पहिल्या सरीनंतर हवेतच इतकी ओल असते की पंख्याखाली ठेवलेली बरणी कोरडी दिसते, पण असत नाही.

तपासणी: सुकलेली रिकामी बरणी झाकण लावून अर्धा तास उन्हात ठेवा. आतल्या बाजूला, विशेषतः खांद्याशी, धुकं धरलं तर आत अजून पाणी आहे. पुन्हा सुकवा. बरणी आतून लख्ख राहिली की मगच पुढे.

हिंगाच्या धुरीबद्दल नेहमी विचारलं जातं. निखाऱ्यावर चिमूटभर हिंग टाकून त्यावर बरणी पालथी धरायची, ही जुनी रीत चांगली आहे. उरलीसुरली दमट हवा निघते आणि लोणच्याला सुंदर वास लागतो. पण धुरी दिली म्हणून उकळणं वगळू नका, आणि बरणी निखाऱ्यापासून वीतभर वर धरा.

## ३. माल कोरडा करणं

कैऱ्या धुऊन रात्रभर पाण्यात ठेवल्या असतील तर एकेक कैरी पुसायची, देठाकडचा खळगा बोट घालून पुसायचा. चीक आणि पाणी तिथेच दडतं. फोडी केल्यावर बाठीचं आतलं पातळ साल काढून टाका आणि फोडी सुती कापडावर सावलीत, पंख्याखाली तीन-चार तास पसरा. फोडीची कापलेली बाजू बोटाला चिकट लागली पाहिजे, ओली नाही.

मीठ मंद आचेवर कोरडं भाजून गार करा. पावसाळ्याच्या तोंडावर मिठाइतकं पाणी धरणारं दुसरं काही स्वयंपाकघरात नसतं. ठेवणीच्या लोणच्याला एक किलो फोडींमागे २०० ते २५० ग्रॅम मीठ हवंच. रक्तदाबामुळे मीठ कमी करायचं असेल तर जरूर करा, पण मग ते लोणचं थोडं घाला आणि फ्रीजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवा. कमी मिठाचं लोणचं कपाटात वर्षभर ठेवायचं, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, हिंग, सगळं गार असायला हवं. कोमट मसाला बरणीत गेला की त्याची वाफ काचेवर जमते आणि पाण्याचा थेंब होऊन परत मसाल्यातच पडतो.

## ४. बरणी भरणं

तळाशी मूठभर मसाला आणि थोडं मीठ. मग फोडींचा थर, मसाला, पुन्हा फोडी. प्रत्येक दोन थरांनंतर लाकडी दट्ट्याने किंवा कोरड्या पळीच्या पाठीने दाबा. फोडी ठेचायच्या नाहीत, मधली हवा बाहेर काढायची आहे. शेवटचा थर मसाल्याचा.

फोडी बरणीच्या खांद्याच्या खालीच थांबल्या पाहिजेत. ‘अजून दोन-चार फोडी मावतात’ म्हणून गळ्यापर्यंत भरलेल्या बरण्याच पुढे त्रास देतात, कारण तेलाला उभं राहायला जागाच उरत नाही. उरलेल्या फोडी वाटीत काढा आणि दोन दिवसांत ताकभाताबरोबर संपवा.

आता बरणीचं तोंड आणि आटे कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. काठावर मसाल्याचा एक कण राहिला तरी तिथे झाकण टेकत नाही आणि तेल वर चढून बाहेर पाझरतं. बरणीखाली तेलाचं कडं दिसतं ते याचंच.

## ५. दादरा बांधणं

इथे झाकण लावायचं नाही. पहिले चार दिवस फोडी पाणी सोडतात, आतली अडकलेली हवा वर येते, मसाला फुगतो. या काळात घट्ट झाकण लावलं तर बाहेर जायला निघालेली ओल झाकणाच्या आत जमते.

स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या मलमलीचा दुपदरी तुकडा तोंडावर ताणून सुतळीने घट्ट बांधा. दिवसातून एकदा दादरा सोडा, कोरड्या लाकडी पळीने तळापासून हलवा, काठ पुसा, दादरा पुन्हा बांधा. दादरा ओलसर किंवा तेलकट झाला तर दुसरा घ्या.

लिंबाचं खारं लोणचं उन्हात ठेवायचं असेल तर तेही दादरा बांधूनच. झाकण लावून बरणी उन्हात ठेवली की दुपारी आत वाफ धरते, संध्याकाळी घरात आणली की तिचं पाणी होतं आणि थेट वरच्या फोडींवर टपकतं. रोज ऊन दाखवूनही लिंबाच्या लोणच्याला बुरशी येते ती बहुधा अशी.

तपासणी: चौथ्या दिवशी बरणी थोडी कलती करा. तळाशी दाट खार हलताना दिसला पाहिजे. खार सुटलाच नसेल तर मीठ कमी पडलंय. भाजून गार केलेलं मीठ घाला, हलवा, आणखी दोन दिवस थांबा.

## ६. तेल ओतणं

एक किलो फोडींना ३०० ते ४०० मिलिलिटर शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल. तेल चांगलं तापवून मोहरी-हिंगाची फोडणी करा आणि पूर्ण गार होऊ द्या. ‘हाताला सोसेल इतकं’ पुरत नाही. पातेल्याच्या बुडाला हात लावल्यावर काहीच गरम लागायला नको. सकाळी फोडणी करा, संध्याकाळी ओता, म्हणजे मोह होत नाही.

तेल एकदम ओतू नका. पळीपळीने, बरणीच्या कडेने सोडा. मग लांब कोरडी सळई किंवा स्टीलची विणायची सुई काचेला लागून तळापर्यंत घाला आणि हलकेच चाळवा. बुडबुडे वर येतील. बरणी फिरवत चारी बाजूंनी हे करा. बाहेरून पाहा: काचेला लागून फोडींमध्ये पोकळ जागा दिसत असेल तर तिथे हवा आहे, आणि जिथे हवा आहे तिथे बुरशीला जागा आहे.

शेवटी फोडींच्या वर बोटभर, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर, स्वच्छ तेल दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी ते खाली गेलेलं असतं, कारण मसाला तेल पितो. पुन्हा तापवून गार केलेलं तेल घाला. परत तीन दिवसांनी पाहा, मग आठ दिवसांनी. सलग दोन तपासण्यांत पातळी हलली नाही की बरणी बंद करायला तयार झाली. लोक पहिल्याच दिवशी तेल घालून, झाकण लावून बरणी फळीवर चढवतात आणि सप्टेंबरात खाली काढतात. तोवर वरच्या दोन बोटांतल्या फोडी कोरड्या आणि काळ्या पडलेल्या असतात.

एखादी फोड वर डोकावतच असेल तर ती काढून खाऊन टाका. दाबून बसवलेली फोड दोन दिवसांत पुन्हा वर येते.

## ७. झाकण पक्कं करणं

कोरडा दिवस निवडा. काठ आणि आटे पुसा. तेल आणि झाकण यांच्यामध्ये साधारण बोटभर रिकामी जागा ठेवा. जास्त जागा म्हणजे जास्त हवा, आणि त्या हवेने तेल लवकर खवट होतं. अगदीच जागा नसेल तर उन्हाळ्यात तेल प्रसरण पावून झाकणातून बाहेर येतं.

पत्र्याचं झाकण असेल तर बटर पेपर, मग झाकण. हाताने घट्ट होईल इतकंच फिरवा. पकड लावून आवळलं की आतली चकती दबून कायमची बसते आणि पुढच्या वेळी नीट बंद होत नाही. वरून पुन्हा दादरा बांधा, धूळ आणि मुंग्या आट्यांत शिरत नाहीत.

मेण ओतून तोंड बंद करणं मात्र टाळा. गार होताना मेण आक्रसतं, काठाशी केसाएवढी फट पडते, आणि ती दिसत नाही.

बरणीवर चिठ्ठी लावा: काय आहे, कधी घातलं, तेल शेवटचं कधी घातलं.

ठेवण अंधारी, गार आणि कोरडी हवी. फ्रीजच्या डोक्यावर आणि गॅसवरच्या फळीवर ठेवू नका, दोन्हीकडे सारखी ऊब असते. भिंतीला ओल येत असेल तर बरणी पाटावर, भिंतीपासून चार बोटं दूर. कैरीचं लोणचं तीन-चार आठवड्यांत खाण्याजोगं मुरतं, लिंबाचं दोन महिने तरी मागतं. पावसाळाभर महिन्यातून एकदा, झाकण न उघडता, काचेतून तेलाची पातळी पाहा.

## साखरांब्याचा क्रम उलटा

लोणचं गार भरायचं, साखरांबा-मोरांबा गरम. शिजून उतरवलेला साखरांबा उकळून काढलेल्या गरम बरणीत भरा, काठ पुसा, लगेच झाकण लावा. आतली वाफ गार होऊन आक्रसते आणि झाकण आत ओढलं जातं. फुगीर बटण असलेल्या झाकणांचं बटण टक्क असा आवाज करून खाली बसतं. पूर्ण गार झाल्यावर बटण दाबून पाहा. ते वरखाली होत असेल तर बरणी बंद झालेली नाही, ती फ्रीजमध्ये ठेवा आणि आधी संपवा. जास्त खात्री हवी असेल तर भरलेल्या, झाकण लावलेल्या बरण्या पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवा.

लोणच्याच्या झाकणाचं बटण खाली बसत नाही म्हणून घाबरू नका. गार मालात ते बसणारच नाही.

## काय अजिबात असं बंद करायचं नाही

तेलाचा थर बुरशी रोखतो, जंतू मारत नाही. उलट हवा नसेल तर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना सोयीचंच होतं. लोणच्यात त्यांना रोखतात ते मीठ आणि आंबटपणा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच ४.६ च्या खाली हे जंतू वाढत नाहीत, आणि कच्ची कैरी व लिंबू त्याच्या बरेच खाली असतात. म्हणून लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा भरपूर मीठ नसलेला लसूण, आलं, भाजलेल्या भाज्या, मशरूम नुसत्या तेलात बुडवून कपाटात ठेवू नका. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणाने उपाहारगृहातली कितीतरी माणसं बॉट्युलिझमने आजारी पडली. हे विष वासाने, रंगाने ओळखू येत नाही.

मटणाचा रस्सा, डाळ, उकडलेल्या भाज्या बरणीत भरून, घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या मोजून ‘पॅक’ करण्याचे व्हिडिओही फिरतात. तसं करू नका. बरणीच्या मध्यापर्यंत किती उष्णता, किती वेळ पोचली हे शिट्ट्यांवरून कळत नाही.

## बरणी उघडल्यावर काय दिसलं तर काय करायचं

केसाळ पांढरी, हिरवी, काळी बुरशी: सगळी बरणी टाका. वरचा बुरा काढून खालचं खायचं, ही सवय सोडा. बुरशीचा दिसत नसलेला भाग खाली गेलेला असतो.

झाकण फुगलेलं किंवा उघडताना फेस: टाका, चव बघू नका.

तेलाला जुन्या रंगासारखा उग्र वास: तेल खवट झालं. वरचं तेल बदलून उपयोग नाही, मसाल्याने तेच तेल प्यायलेलं असतं.

फ्रीजमध्ये तेल गढूळ होऊन थिजणं: काही बिघडलेलं नाही. शेंगदाण्याचं तेल गारठ्यात असं होतं, बाहेर ठेवलं की सुटतं.

खारातल्या अख्ख्या कैऱ्यांवर पातळ, गुळगुळीत पांढरी साय: बहुधा हवेवर वाढणाऱ्या यीस्टची. गोव्याकडे चेपण्यावर, म्हणजे खारात दाबून ठेवलेल्या कैऱ्यांवर, दगडाचं वजन ठेवतात ते कैऱ्या खाराखाली राहाव्यात म्हणूनच. साय पातळ असेल, वास स्वच्छ आंबट असेल आणि कैरी कडक असेल तर साय काढून, वजन नीट बसवून चालतं. कैरी बुळबुळीत लागली तर टाका.

ठेवणीची बरणी एकदा उघडली की लागेल तेवढं छोट्या बरणीत काढा, मोठीत पुन्हा वर बोटभर तेल करा, काठ पुसा, बंद करा. रोजचा चमचा मोठ्या बरणीत कधीच जायला नको, कोरडा असला तरी.

## परदेशी पाठवायची बरणी

विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, सुमारे तीन-चतुर्थांश. झाकणाखालची हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते, मग झाकण कितीही भारी असो. म्हणून जाणारी बरणी वेगळी भरा: फोडी जास्त, सुटं तेल जेमतेम फोडी बुडतील एवढंच, वर रिकामी जागा अगदी थोडी. काठावर बटर पेपर, मग झाकण, आट्यांच्या सांध्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे, मग दोन वेगवेगळ्या पिशव्या आणि मध्ये टॉवेल. सामान चेक-इनमध्ये द्या. पोचल्यावर बरणी उघडून दोन तास दादऱ्याखाली स्थिर होऊ द्या, तिथे मिळणारं तेल तापवून गार करा, आणि बोटभर थर पुन्हा पुरा करा.